विचारा की ओ : कमरेला पिस्तूल असलं तर वाचतो का माणूस?

प्रश्न : सुभेदारसाहेब, नमस्कार. माझं सोलापूरच्या नवी पेठेत कापडाचं दुकान आहे, भाचा टेक्सासला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यानं ग्रुपवर अमेरिकेतल्या एका मॉलची बातमी टाकली, एका पोरानं म्हणे गोळीबार करणाऱ्याला पंधरा सेकंदात आडवा केला. आता भाचा स्वतः पिस्तूल घ्यायचं म्हणतोय आणि आमची ताई रडून रडून बेजार. इकडं आमच्या दुकानदारांच्या ग्रुपवर दोन तट पडलेत, निम्मे म्हणतात चौकाचौकात एकाकडं तरी लायसनचं हत्यार असतं तर 26/11 झालंच नसतं, निम्मे म्हणतात हा येडेपणा आहे. तुम्ही फौजेत होता, खरं काय ते सांगा. – एक वाचक, नवी पेठ

उत्तर : शेठ, आधी ती बातमी खरी आहे हे सांगतो, नाहीतर म्हणाल सुभेदार टाळाटाळ करतोय. 17 जुलै 2022, इंडियाना राज्यातला ग्रीनवुड पार्क मॉल. मारेकरी तासभर संडासात बसून राहिला, मग रायफल घेऊन फूड कोर्टात आला आणि गोळ्या झाडत सुटला. तिथं 22 वर्षांचा एक पोरगा मैत्रिणीबरोबर आला होता, त्यानं खांबाचा आधार घेऊन पिस्तुलानं 10 गोळ्या झाडल्या, त्यातल्या 8 लागल्या. अंतर साधारण 40 यार्ड. म्हणजे पार्क स्टेडियमवर क्रिकेटच्या दोन पिच एकापुढं एक लावल्या तर त्याच्यापेक्षा थोडं कमी, आणि तेवढ्यावरून पिस्तुलानं. मी 26 वर्षं नोकरी केली, त्यातली 7 वर्षं पोरांना फायरिंग शिकवलं, तरी सांगतो, शांत रेंजवर, कुणी मागं ओरडत नसताना, आपल्याच माणसांना त्या अंतरावर पिस्तुलानं दहातले पाच लावताना घाम फुटतो. त्या पोराला ना पोलिसाची ट्रेनिंग ना फौजेची, आजोबानं शिकवलेलं. मी तर टोपी काढली त्याच्यापुढं. पण तरीही त्या पंधरा सेकंदात तीन माणसं मेली, हे बातमी फॉरवर्ड करताना कुणी लिहीत नाही.

दुसरी गोष्ट टेक्सासचीच, भाच्याला सांगा. 29 डिसेंबर 2019, व्हाइट सेटलमेंट नावाच्या गावातलं चर्च. मारेकऱ्यानं शॉटगन काढली आणि सहा सेकंदात चर्चच्या सुरक्षा टीममधल्या एका स्वयंसेवकानं त्याला एकाच गोळीत पाडलं. हा स्वयंसेवक म्हणजे हत्यार चालवायला शिकवणारा माणूस, पूर्वी राखीव पोलिसात काम केलेला. पण शेठ, आधी जी दोन माणसं मेली त्यातला एक सुद्धा त्याच सुरक्षा टीममधला होता, त्याच्याकडं पण पिस्तूल होतं, तो ते काढत होता. काढत होता तेवढ्यातच गेला. आता सांगा, त्या हॉलमधी पिस्तूल होतं म्हणून वाचले का पिस्तूल असूनही मेले? दोन्ही खरंय.

आता आकडा सांगतो. एफबीआयनं, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेनं, 2000 ते 2013 मधल्या अशा गोळीबाराच्या 160 घटना तपासल्या. त्यातल्या 5 घटना पोलीस नसलेल्या हत्यारबंद माणसांनी उलट गोळीबार केल्यावर थांबल्या, आणि त्या पाचातल्या चार ठिकाणी तो माणूस नेमलेला सिक्युरिटी गार्ड होता, तुमच्या-माझ्यासारखा लायसनवाला नागरिक फक्त एक. आणि बिनहत्याराच्या लोकांनी धरून, लोळवून थांबवलेल्या घटना किती? 21. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. तिकडं जॉन लॉट म्हणून एक अभ्यासक आहेत, ते म्हणतात एफबीआय अशा केसेस कमी मोजतं, आणि बऱ्याच ठिकाणी हत्यार आणायला बंदीच असते तर नागरिक थांबवणार कशानं. मुद्दा बाद नाही. मी एवढंच म्हणतो, पाचाचे दुप्पट-तिप्पट धरा, तरी रिकाम्या हाताचं पारडं हलकं होत नाही.

कारण काय, ते अमेरिकेत जाऊन बघायची गरज नाही, आपल्या गड्ड्याच्या जत्रेत बघा. दोन वर्षांमागची गोष्ट, संक्रांतीनंतर होम मैदानावर नातवाला घेऊन गेलो होतो, मोठ्या पाळण्याच्या रांगेत उभा, आणि कुणीतरी कार्ट्यानं मागं सुतळी बॉम्बची लड लावली. धड धड धड. मी, सुभेदार, आवाजाकडं बघायचं तर किल्ल्याच्या भिंतीकडं बघत बसलो, कारण आवाज तिकडनं परत आला. नातू माझ्या पँटला धरून, पुढची बाई तिच्या पोराला शोधतीय, दोन पोरं पळाली, त्यांच्यामागं वीस पळाली, ती वीस का पळतायत हे त्यांना पण माहीत नाही. भेळवाल्याची गाडी आडवी. आता त्यात खरंच कुणी रायफलवाला असता, आणि माझ्या कमरेला पिस्तूल असतं, तर मी गोळी कुणाकडं झाडली असती? मला तर बाजू पण कळली नव्हती. शोभेच्या दारूकामाच्या रात्री तर खरी गोळी सुटली तरी लोक टाळ्याच वाजवतील.

आणि समजा बाजू कळली, माणूस दिसला. हातात हत्यार असलेला माणूस दिसला की तो मारेकरी का मारेकऱ्याला मारायला आलेला, हे कसं ओळखणार? आमच्या एका सरावात अंधाऱ्या खोलीत तीन डमी उभे केले होते, दोन दुश्मन, एक आपला. मी आत शिरलो आणि पहिला पाडला तो आपलाच, त्याच्या हातात टॉर्च होती. उस्ताद काही बोलले नाहीत, ती टॉर्च फक्त महिनाभर माझ्या खाटेला बांधायला लावली. ते डमी होतं म्हणून मी आज हे हसत लिहितोय.

खऱ्यातली ऐका. 8 जानेवारी 2011, ॲरिझोनातलं टुसॉन, खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या कार्यक्रमात गोळीबार, 6 माणसं गेली. शेजारच्या दुकानातनं एक तरुण पळत आला, खिशात पिस्तूल, सेफ्टी काढलेली, आणि समोर एक माणूस हातात पिस्तूल घेऊन उभा. हाच तो, असं कुणालाही वाटेल. पण त्यानं स्वतःचं पिस्तूल बाहेर काढलं नाही, म्हणून वाचलं सगळं, कारण तो समोरचा माणूस मारेकऱ्याच्या हातातनं पिस्तूल काढून घेतलेला होता! आणि मारेकरी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, बदलताना दुसरं मॅगझिन त्याच्यापासनं हिसकावलं कुणी, तर 61 वर्षांच्या एका बाईनं. बाईकडं काही हत्यार नव्हतं.

कोलोरॅडोच्या अरवाडा गावात मात्र असं नशीब नव्हतं. 21 जून 2021. एका माथेफिरूनं पोलिसाला मारलं, एका नागरिकानं दुकानातनं बाहेर येऊन त्या माथेफिरूला गोळी घालून पाडलं, काम फत्ते. मग त्या नागरिकानं मेलेल्याची रायफल उचलली, बहुतेक रिकामी करायला. तेवढ्यात दुसरा पोलीस आला, त्याला दिसला फक्त रायफल घेतलेला माणूस. गोळी घातली, तो गेला. सरकारी वकिलानं नंतर सांगितलं पोलिसावर केस होत नाही. त्या पोलिसाच्या जागी मी असतो तर मी काय केलं असतं, हा प्रश्न मला झोपताना अजून येतो.

26/11 बद्दल ग्रुपवाल्यांना सांगा, सीएसएमटीवर हत्यार नव्हतंच असं नाही, पोलिसांकडं जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या, पण दोन एके-47 पुढं त्यांचं काय चालणार, 58 माणसं तिथं गेली. आपल्याकडं नागरिकाला लायसनवर मिळतं काय, तर बहुतेक करून .32 चं रिव्हॉल्वर, पिस्तूल नाहीतर बारा बोरची छर्ऱ्याची बंदूक. नऊ एमएम पण आपल्याला बंद. सहा गोळ्यांचं रिव्हॉल्वर घेऊन तुमचा एखादा पेठेतला मेंबर तिथं काय करणार होता, ते मला समजावून सांगा. तिथं लई जणांना वाचवलं ते अनाउन्सर विष्णू झेंडे यांनी, माइकवरनं लोकांना सांगत राहिले इकडं येऊ नका, मागच्या बाजूनं बाहेर पडा. आणि गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे, आपल्या सातारा जिल्ह्यातल्या केडंब्याचे, हातात लाठी, त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली ती सोडली नाही. पोलीस होते, आधी फौजी होते, पण त्या वेळेला हातात हत्यार म्हणावं असं काही नव्हतं.

उलट उदाहरण पण देतो, नाहीतर एकतर्फी होईल. जम्मूतल्या राजौरी जिल्ह्यातलं डांगरी गाव, 1 जानेवारी 2023. दहशतवादी घराघरात घुसून मारत होते, गावातल्याच एकानं स्वतःजवळची थ्री-नॉट-थ्री काढून गोळ्या झाडल्या आणि ते पळाले. तिथं 1995 मध्ये ग्राम सुरक्षा समित्या निघाल्या, 2022 पासनं त्यांना ग्राम सुरक्षा रक्षक म्हणतात, सरकार त्यांना रायफली देतं. पण ते बघा कसं जमलं, रात्रीची वेळ, स्वतःच्या घराच्या दारात, गल्लीत कोण आपलं कोण परकं हे लहान पोराला पण माहीत. नवी पेठेत दिवाळीच्या आठवड्यात कोण कुणाचं आहे सांगता येतं का तुम्हाला? चादरी घ्यायला निम्मं कर्नाटक आलेलं असतंय.

भाच्याला घ्यायचंच असेल आणि तिकडचा कायदा त्याला मुभा देत असेल, तर मी कोण अडवणार. पण त्याला हे विचारा: महिन्यातनं किती वेळा रेंजवर जाणार? नुसतं घेऊन कपाटात ठेवणार असशील तर ताईला रडवू नको. आणि कधी वेळ आलीच, तर पोलीस दिसताक्षणी हत्यार खाली, हात रिकामे आणि वर, मग तोंड उघडायचं. मेलेल्याची रायफल उचलायची नाही, लाथेनं पण सरकवायची नाही.

प्रश्न : माझ्याकडं वडिलांच्या वेळचं लायसनचं बारा बोर आहे. बार्शी रोडला शेत आहे, शहरात हार्डवेअरचं दुकान. वेळप्रसंगी लोकांना वाचवायला गोळी चालवली तर कायदा माझ्या बाजूनं असतो का? – एक शेतकरी-दुकानदार

उत्तर : दादा, बाजूनं असतो, पण लगेच मिठी मारत नाही. भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 हे खासगी बचावाच्या हक्काचं आहे, आणि कलम 35 मध्ये दुसऱ्याचा जीव वाचवणं पण येतं. कलम 44 तर मुद्दाम वाचा. जिवावर बेतलेला हल्ला असेल आणि निरपराध माणसाला धोका पत्करल्याशिवाय बचावच होत नसेल तर तो धोका पत्करायची मुभा त्यात आहे. उदाहरण पण दिलंय, जमाव ठार मारायला आलाय, जमावात लहान पोरं मिसळलीत, गोळी झाडल्याशिवाय सुटका नाही. कायदा लिहिणाऱ्यानं हा विचार इंग्रजांच्या काळातच करून ठेवलाय, आपण ग्रुपवर आता करतोय.

पण गोळी सुटली की पंचनामा, हत्यार जप्त, ते तपासणीला जाणार, तुमच्यावरच गुन्हा पण दाखल होऊ शकतो, आणि बचाव होता हे दाखवून द्यायला तारखा तुम्हालाच. शिवाय तुमचं हत्यार बारा बोर. त्यातनं साधारणपणे एक गोळी जात नाही, छर्रे जातात, आणि ते पुढं पसरत जातात. रानडुकराला ठीक. मधल्या मारुतीजवळच्या गर्दीत शनिवारी संध्याकाळी ते चालवलं तर चोरापेक्षा जास्त गिऱ्हाईकं दवाखान्यात जातील. आणि लायसन वडिलांच्या नावावर असेल आणि तुमच्या नावावर अजून केलं नसेल तर आधी ते बघा, कारण तसं हत्यार जवळ ठेवणं हाच मुळात गुन्हा आहे. शहरात पोलीस आयुक्तालय, ग्रामीणला जिल्हाधिकारी. लग्नाच्या वरातीत हौसेनं हवेत उडवायची सवय असेल तर तीही सोडा, 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही.

प्रश्न : सर, मी कॉलेजवर शिकवते. हत्यार नको म्हणता, मग आम्ही बायकांनी, पोरांनी करायचं काय? नुसतं टेबलाखाली बसायचं? – एक प्राध्यापिका, विजापूर रोड

उत्तर : ताई, टेबलाखाली अजिबात नको. पळता येत असेल तर पळा, बॅग-मोबाईल सोडून, वाकडंतिकडं, आणि भिंतीच्या कोपऱ्याआड जा, पत्र्याच्या दाराआड नको, पत्र्यातनं गोळी आरपार जाते. पळता येत नसेल तर दार आतनं लावून बाकडी दाराला, लाईट बंद, फोन सायलेंट, 112 लावून जागा सांगा, मजला सांगा. आणि तोही मार्ग बंद झाला, तो दारात आलाच, तर एकट्यानं नाही, चार-पाच जणांनी एकदम, तो मॅगझिन बदलतोय त्या दोन-तीन सेकंदात, खुर्ची, फायर एक्स्टिंग्विशर, जे हाताला येईल ते. नळी धरून वर करायची. 22 एप्रिल 2018 ला नॅशव्हिलच्या वॉफल हाऊसमध्ये एका 29 वर्षांच्या पोरानं हेच केलं, गोळीबार थांबला त्या क्षणी उडी मारून तापलेली नळी पकडली, हात भाजला पण रायफल हिसकावली.

आणि एक, तुमच्या कॉलेजात मागचं गेट आहे का ओ? असेल तर त्याचं कुलूप सुट्टीत तेल घालून ठेवा आणि किल्ली शिपायाच्या घरी नको, गेटजवळ राहू द्या. आमच्या वाड्यापाशी एक कॉलेज आहे, नाव सांगत नाही, त्यांचं मागचं गेट मी बारा वर्षं बंदच बघतोय, आता त्याच्यावर वेल चढलाय.