तुमचे प्रश्न : पथारीवरचा माहितीपट

प्रश्न : एसटी स्टँड, दुकानांच्या पायऱ्या आणि बंदराकडे रात्र काढणाऱ्यांवर आम्ही तिघे पदरमोड करून माहितीपट करतोय. सुरुवात कुठून करावी? संमती कशी घ्यावी?
— एक वाचक, रत्नागिरी

पहिले आठ-दहा दिवस कॅमेरा घरीच ठेवा. रात्री अकरा आणि पहाटे पाच अशा दोन फेऱ्या मारा. पहाटेची चुकवू नका. रात्री स्टँडवर प्रवासी कोण आणि मुक्कामी कोण ते कळत नाही, पहाटे पथारी गुंडाळताना कळतं. एक फेरी मे महिन्यात, एक जुलैत हवीच. पाऊस तिरका मारू लागला की पायऱ्या सुटतात आणि माणसं छपराखाली सरकतात. शिवाय १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे बोटीवरच झोपणारे बरेच खलाशी तेव्हा बंदरात सापडायचे नाहीत.

स्टँडसाठी आगार व्यवस्थापकांना अर्ज द्या, पोच घ्या. रेल्वे स्टेशनची परवानगी वेगळी.

संमतीचं म्हणाल तर नुसत्या कागदावरच्या अंगठ्याला अर्थ नाही. कॅमेऱ्यासमोर साध्या बोलीत विचारा : ‘गावाकडच्या भावाने हे मोबाइलवर पाहिलं तर चालेल?’ या एका प्रश्नावर बरेच होकार मागे फिरतात, आणि ते फिरलेलेच बरे. नशेत दिलेला होकार धरू नका. सकाळी पुन्हा विचारा. नकार देणाऱ्याला ओळखू येणार नाही असं सुरुवातीपासूनच टिपा : हात, पाठ, गाठोडं. नंतर चेहरा धूसर केला तरी आवाज आणि मागची पाटी चुगली करतात. झोपायची जागा पडद्यावर ओळखू आली, तर तिथून पहिल्यांदा हाच माणूस उठवला जाईल.

महाराष्ट्रात भीक मागणं १९५९च्या कायद्याने आजही गुन्हा आहे. पसरलेला हात आणि चेहरा एका चौकटीत घेतलात तर तो पुरावाच होतो. बेघर मुलाची ओळख माध्यमांतून उघड करणं बाल न्याय अधिनियम २०१५च्या कलम ७४ खाली गुन्हा : सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पालकांनी हो म्हटलं म्हणून मोकळे होत नाही.

प्रश्न : रात्रीच्या चित्रणात दिवे फडफडतात, आवाजात वाराच जास्त येतो.
— एक वाचक, मालवण

आपली वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद ठेवा, फडफड बरीचशी थांबेल. स्वस्त एलईडी तरीही त्रास देतात. तिथे जागा बदलणं सोपं. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर, वर केसाळ टोपी. फोमची टोपी खाऱ्या वाऱ्यापुढे टिकत नाही. पत्र्याखाली मुलाखत पाऊस ओसरल्यावरच घ्या. एसी खोलीतून थेट बाहेर कॅमेरा काढला की काच धुकटते. अर्धा तास बंद बॅगेतच राहू द्या. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) चित्रण केलं की तासाला ४५ जीबी जातात. त्याच रात्री दोन डिस्कवर उतरवा आणि दुसरी डिस्क दुसऱ्याच्या घरी ठेवा.

प्रश्न : निवाऱ्याचा नियम काय? बेघरांचा आकडा कुठला द्यावा?
— एक वाचक, चिपळूण

२०२४मध्ये मुदत संपलेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष होता : एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांचा कायमस्वरूपी निवारा, माणशी ५० चौरस फूट. रत्नागिरी आणि चिपळूण दोन्ही २०११च्या जनगणनेत लाखाच्या आत, त्यामुळे हा निकष जसाच्या तसा लावू नका. बेघरांची ती मोजणी २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्री झाली. आकडा दिलात तर ती तारीखही पडद्यावर द्या. आजची स्थिती नगरपरिषदेकडून माहितीच्या अधिकारात मागवा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. ‘निवारा आहे का?’ एवढंच विचारू नका. खाटा किती, गेल्या जुलैत रोज किती जण झोपले, नोंदवहीची प्रत मिळेल का, असं विचारा.