हेवीवेट (सर्वात वजनदार गटातला) बॉक्सर रॉकी मार्सियानो ४९-० असा, म्हणजे ४९ लढती जिंकून आणि एकही न हरता, अपराजित राहिला, पण त्याने हरवलेले मोठे बॉक्सर उतारवयातले होते. मग त्याला महान म्हणायचं का?

हो, महान म्हणायचं, पण ४९ या आकड्यामुळे नाही. सुरुवातीच्या बऱ्याच लढती कच्च्या प्रतिस्पर्ध्यांशी होतात, तिथे विक्रम फुगतो. म्हणून समोर कोण होतं, तेव्हा त्याची अवस्था कशी होती आणि लढत अंगाशी आल्यावर काय झालं, हे बघावं. १९५१ मध्ये हरवलेला माजी विश्वविजेता जो लुईस ३७ वर्षांचा होता, भर ओसरलेला. त्या विजयाला मी फार वजन देत नाही. पण १९५२ ची जर्सी जो वॉलकॉटविरुद्धची लढत बघा. वॉलकॉट ३८ चा असला तरी गादीवरचा विश्वविजेता होता. पहिल्याच फेरीत त्याने मार्सियानोला खाली पाडलं, गुणांतही तो पुढे होता, आणि तेराव्या फेरीत एकाच उजव्या ठोशाने मार्सियानोने त्याला झोपवलं. १९५४ मध्ये माजी विश्वविजेता एझार्ड चार्ल्सशी दुसऱ्यांदा लढताना नाकपुडी फाटून रक्त वाहत होतं, पंच लढत थांबवतील अशी वेळ आली होती. तरी आठव्या फेरीत नॉकआउट! अशी झुंज दुबळ्यांशी लढून दिसत नाही.

एक मात्र मान्य करायला हवं: त्या काळात हेवीवेटमध्ये तरुण, दमदार आव्हानवीर कमी होते, त्यामुळे त्याला मुहम्मद अलीच्या वर ठेवणं मला पटत नाही. अलीने लिस्टन, फ्रेझिअर, फोरमन हे तिघेही दमदार विश्वविजेते हरवले.