बोअर माझा, पाणी कोणाचं?

प्रश्न : पाच एकर डाळिंब आहे. मागच्या उन्हाळ्यात बाग जगवायला कर्ज काढून ४८० फूट बोअर घेतला. नशिबाने दोन इंच पाणी लागलं. महिन्याभरात बांधापलीकडची चुलतभावाची विहीर आटली, वस्तीवरचा हातपंपही कोरडा पडला. भाऊ म्हणतो, तू माझं पाणी ओढलंस. बोलणं बंद आहे, घरातल्या लग्नाची पत्रिकाही त्याने दुसऱ्याच्या हाती पाठवली. जमीन माझी, पैसा माझा, घाम माझा. मग पाणी त्याचं कसं?
— एक शेतकरी, सांगोला तालुका

उत्तर : तुम्हाला हवं ते आधी सांगून टाकते. जुना कायदा तुमच्याच बाजूचा आहे. आपल्या जमिनीखालचं, ठरावीक प्रवाहातून न वाहणारं पाणी उपसायची मोकळीक मालकाला १८८२ च्या ईझमेंट अ‍ॅक्टने दिली. पण तुम्ही वकिलाला न विचारता मला विचारलंत, म्हणजे कुठेतरी टोचतंय.

‘घाम माझा’ हा युक्तिवाद सतराव्या शतकातल्या जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाचा. तालुक्याच्या कॉलेजात तीस वर्षं शिकवला. मुलं परीक्षेपुरता अर्धाच पाठ करायची : श्रम ओतले की वस्तू आपली. उरलेला अर्धा असा, की इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं मागे राहिलं पाहिजे. गंमत म्हणजे त्याने उदाहरणही पाण्याचंच दिलंय. कोणी नदीचं पाणी पोटभर प्यायलं तर दुसऱ्याचं काही बिघडत नाही, अख्खी नदी शिल्लक असते. लॉक सांगोल्याचा असता तर त्याला हे सुचलं नसतं.

आपल्या पायाखाली नदी नाही, काळा कातळ आहे. पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत. बोअरला केसिंगचा पाइप वरच्या काही फुटांनाच घालतात. खाली एखादी भेग छेदली गेली, की विहिरीला मिळणारा झरा तुमच्या बोअरमध्ये उतरतो. अर्थात विहीर एकट्या तुमच्यामुळेच आटली असं मी म्हणणार नाही. त्या उन्हाळ्यात शिवारात किती बोअर झाले, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दोन दिवस मोटर बंद ठेवा आणि दोघांनी मिळून विहिरीत दोरी सोडून पाणी चढतं का ते बघा.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणसांच्या मापाने वाटलं : माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचं. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नव्हता. ऊस बंद. वर्गात हे सांगितलं की बागायतदारांची मुलं चिडायची, “मॅडम, मग सातबारा कशाला?” लॉकवरच्या घोटीव उत्तरांपेक्षा मला हे चिडणं आवडायचं. नायगावच्या हिशेबाने घरात कितीही माणसं असली तरी तुमच्या पाच एकरांपैकी फार तर अडीचच भिजले असते.

ही वाटणी उद्या तुमच्या भावकीत होईल असं मला वाटत नाही. आठवड्यातली एक पाळी भावाला देऊन बघा, तोही शेतीच जगवतोय.

पण तुमच्या पत्रात मला खटकलं ते वेगळंच. भावावर इतक्या ओळी लिहिल्यात आणि हातपंप अर्ध्या वाक्यात उरकलात. तिथल्या बाया आता हंडे कुठून भरतात? सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून ५०० मीटरच्या आत विनापरवानगी नवी विहीर किंवा बोअर घ्यायला राज्याच्या १९९३ च्या भूजल कायद्यातच बंदी होती. तुमचा बोअर पंपापासून किती लांब आहे, ते टेप लावून मोजा. अंतर काहीही निघो, मोटर चालते तेवढा वेळ वस्तीवर एक नळ काढून द्या. त्यासाठी भावाशी बोलणं सुरू व्हायची वाट बघू नका.