"नोंद आढळत नाही" या पत्रावर थांबू नका (नव शापेलला जाणाऱ्यांसाठी)

तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. पणजोबा सफरमैनात (सैन्यातल्या खणणाऱ्या-बांधणाऱ्या पलटणीत) होते, जर्मनच्या लढाईला, म्हणजे पहिल्या महायुद्धाला, गेले ते फ्रान्समधल्या नव शापेल गावी पडले असं घरात सांगतात, देव्हाऱ्याजवळ त्यांचं पदक आहे, सप्टेंबरात पॅरिसला जाणार आहात, आणि कचेरीतून "सदर नावाची नोंद आढळून येत नाही" असं उत्तर आलंय. त्या उत्तराशी मी अडखळले. तेच वाक्य, जवळजवळ त्याच शब्दांत, माझ्याकडे एका खाकी पाकिटात आहे. त्यापायी आमची सहा वर्षं गेली आणि त्या सहा वर्षांत माझे वडील गेले. म्हणून जरा लांबलचक लिहितेय.

विमान, व्हिसा, हॉटेल हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळत असणार, ते सोडते.

आमची चूक सांगते. आमच्या पणजोबांची नोंद शोधायच्या अर्जात आम्ही आडनाव लिहिलं, आणि जिल्हा सिंधुदुर्ग. दोन्ही खरं, पण 1914 साठी दोन्ही चूक. सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1981 साली, त्याआधी आमचं गाव रत्नागिरीत. (रायगडकरांनी कुलाबा शोधावं.) आणि त्या काळी भरती करणाऱ्या कारकुनाने शिपायाचं नाव बऱ्याचदा नुसतं त्याचं आणि त्याच्या बापाचं लिहिलंय, आडनाव नाहीच. आज घर ज्या आडनावाने ओळखलं जातं ते पणजोबांनी कधी लावलं असेल की नाही, देव जाणे.

कचेरीचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. बाबा तिथे तीनदा गेले. पहिल्यांदा सांगितलं, अर्ज टपालाने करा. टपालाने केला तर, समक्ष या. समक्ष गेले तर टेबलापलीकडचा माणूस म्हणाला, "पलटणीचा नंबर आणा, त्याशिवाय काही निघत नाही." नंबर कुठून आणायचा, असं विचारल्यावर म्हणाला, "तो तुमच्याकडेच असणार." बाबांना ते फार लागलं. बहात्तर वर्षांचा माणूस, एसटीने आठ तास प्रवास करून आलेला, त्याला बसा म्हणायचीही कुणाला गरज वाटली नाही. अजून राग येतो.

पण नंबर खरंच आमच्याकडे होता. दर दिवाळीला आत्या आमच्या पणजोबांचं पदक चिंच लावून घासायची आणि परत हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवायची. पुढची बाजू सगळ्यांना पाठ. चार टोकांची कांस्याची चांदणी, वर मुकुट, फुलीसारख्या दोन तलवारी. उलटं करून मात्र कुणी पाहिलं नव्हतं. बाबांच्या वर्षश्राद्धाला माझ्या भाचीने सहज उलटं केलं आणि म्हणाली, इथे काहीतरी खरवडलंय. मोबाईलचा टॉर्च अगदी तिरका धरला तेव्हा अक्षरं उठली : क्रमांक, हुद्दा, नाव, बापाचं नाव, तुकडी. घासून घासून अर्धी पुसट झालेली, पण क्रमांकातले चारही आकडे शाबूत. आत्या तिथेच मटकन खाली बसली.

त्यानंतर अर्ध्या तासात नाव सापडलं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन (युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) हिच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे, तिथे क्रमांक टाकूनही शोधता येतं. क्रमांक वाचता आला नाही तर नुसतं पहिलं नाव टाका, स्मारक नव शापेल निवडा, मग तुकडीने गाळा. गावाचं स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं असतं, मोठ्याने वाचून पाहा म्हणजे ओळखू येईल. आमच्या गावाचं नाव मी चार वेळा वाचलं तेव्हा कळलं. तुमच्या बाबतीत असंच होईल असं म्हणत नाही. मी इतिहासकार नाही, एका घरापुरतं शोधलेलं सांगतेय.

आणखी एक तपासा. चांदणीच्या मधल्या पट्टीवर नुसतं 1914 आणि वर-खाली ऑगस्ट, नोव्हेंबर असेल तर माणूस नक्की फ्रान्स-बेल्जियममध्ये होता, कारण ते पदक त्या पहिल्या महिन्यांत तिथे असणाऱ्यांनाच मिळालं. 1914-15 असेल तर तो आणखीही कुठे असू शकतो. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे "फ्रान्सला गेले" हे सरसकट सांगतात. 103, 110, 117 या मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) होत्या, कूतच्या वेढ्यात अडकल्या. तिथल्या बेपत्तांचं स्मारक बसराला आहे. तुमच्या घरी मात्र "सफरमैना" हा शब्द टिकलाय आणि तो सोन्यासारखा आहे. म्हणजे सॅपर्स अँड मायनर्स, आपल्या खडकीचे बॉम्बे सॅपर्स. त्यांच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या नव शापेलला होत्या.

आता गावाबद्दल. नव शापेल म्हणजे "नवं देऊळ", छोटं प्रार्थनाघर या अर्थाने. उत्तर फ्रान्समधला पा-द-कॅले जिल्हा, लीलपासून वीसेक किलोमीटर, ला बासेच्या उत्तरेला पाच. लीस नदीचं खोरं, पाटासारखं सपाट. चिकणमाती, दर शेताच्या कडेने पाण्याचा चर, फावडं मारलं की दोन-तीन फुटांवर पाणी. इथे खोल खंदक खणताच येत नव्हते, म्हणून मातीची पोती आणि काटक्यांच्या ताट्या रचून जमिनीवर भिंत उभारायची, आणि ते काम सफरमैनाचं. पूर्वेला ओबेरची धार दिसते. मावळातल्या माणसाला तो चढ वाटणारही नाही, पण जर्मन त्यावर बसले होते आणि खालचं सगळं त्यांना दिसत होतं. एवढ्याशा उंचवट्यासाठी किती माणसं गेली हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

ऑक्टोबर 1914 च्या शेवटी जर्मनांनी गाव घेतलं. 28 ऑक्टोबरला ते परत घ्यायला 47 वी शीख पलटण आणि सफरमैनाच्या याच दोन कंपन्या पुढे गेल्या. पूल बांधणारी, खणणारी माणसं, त्यांना पायदळासारखं संगीन लावून धाडलं. ते गावात घुसले, घराघरांत हातघाईची लढाई झाली, पण मागून कुमक आली नाही आणि माघार घ्यावी लागली. दोन्ही कंपन्यांचे सगळे इंग्रज अधिकारी मेले किंवा जखमी झाले. तुमच्या पणजोबांची तारीख याच्या आसपास निघाली तर मला नवल वाटणार नाही, पण आधी नोंद पाहा, मग घरच्यांना सांगा. मी उलटं केलं होतं.

लोक ज्याला नव शापेलची लढाई म्हणतात ती नंतरची, 10 ते 13 मार्च 1915. सकाळी साडेसातला 35 मिनिटं तोफा चालल्या आणि गाव पहिल्याच दिवशी हातात आलं, पण तोवर गाव म्हणून काही उरलं नव्हतं. गढवाल रायफल्सच्या गबर सिंग नेगींना त्याच दिवसासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस (इंग्रजांचं शौर्याचं सर्वोच्च पदक) मिळाला. आज दिसतात ती विटांची घरं युद्धानंतर उभी केलेली. जुनं गाव शोधू नका, ते नाही.

स्मारक गावात नाही, हे लक्षात ठेवा. गावापासून 800 मीटरवर, ला बॉम्ब नावाच्या चौकात. इंग्रज सैनिक त्याला पोर्ट आर्थर म्हणत. ला बासेला रेल्वे स्टेशन आहे, पण पुढे बसच्या भरवशावर राहू नका. आम्ही रविवारी गेलो आणि दीड तास बीटच्या शेताकडेने चाललो. लीलहून गाडी भाड्याने घ्या.

हर्बर्ट बेकरने आराखडा केलेलं हे स्मारक 1927 च्या ऑक्टोबरात उघडलं. सांचीच्या कठड्यासारखी दगडी जाळी, छत्र्या, सुमारे पंधरा मीटरचा खांब आणि त्याच्या पायाशी दोन वाघ. खांबावर देवनागरीतही मजकूर आहे, ईश्वर एक आहे, विजय त्याचाच, या अर्थाचा. फ्रान्सच्या शेतात अचानक आपली अक्षरं समोर आली की घसा दाटतो. ज्यांचं थडगं वा चिता कुठे हेच माहीत नाही अशा 4,700 हून जास्त जणांची नावं भिंतीवर आहेत, पलटणीप्रमाणे, त्यामुळे आधी सॅपर्स अँड मायनर्सचा भाग शोधा. नाव इंग्रजीत आहे. सोबत जाड पांढरा कागद आणि मऊ पेन्सिल न्या, कागद नावावर धरून हलक्या हाताने घासलं की ठसा येतो. फोटोपेक्षा तो ठसा आत्याला जास्त आवडला. कुंकू, तेल, दिवा दगडाला लावू नका. फुलं ठेवा. 2023 पासून ही जागा जागतिक वारशात आहे, पण तसं नसतं तरी मी हेच सांगितलं असतं.

वेळ उरला तर जवळच रिशबूरची पोर्तुगीज दफनभूमी पाहा. 9 एप्रिल 1918 ला जर्मन पुन्हा चालून आले तेव्हा या भागात पोर्तुगीज होते. नव शापेल गावातल्या क्रुसावरचा येशू त्यात पाय आणि एक हात गमावून तसाच उरला. 1958 साली फ्रान्सने तो पोर्तुगालला दिला, आज तो बातालयाच्या मठात, अनाम सैनिकांच्या समाधीपाशी आहे.

पलटणीची रोजची हकीकत वाचायची असेल तर युद्धदैनंदिन्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. शिपायांची नावं त्यात क्वचित येतात, पण त्या दिवशी पाऊस होता का, कंपनी कुठे होती, हे कळतं.

पण हे सगळं नंतर. आज घरी गेलात की पदक उलटं करा. घासू नका, पुसूही नका, फक्त टॉर्च तिरका धरा. मागच्या बाजूचा फोटो इथे टाका, अक्षरं लावायला मी बसते तुमच्याबरोबर.