वाचकांचे प्रश्न : पणजोबांचे पदक आणि घरातले गुपित

प्रश्न : मी दहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी कादंबरी लिहीत आहे. दोन भावांपैकी एक इंग्रजांच्या फौजेत, दुसरा पत्रीसरकारात, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या समांतर सरकारात, भूमिगत. फौजेतल्या भावाचे ‘इटली स्टार’ हे पदक घरच्यांनी १९४३ मध्ये दडवले होते. ते आज पणतीला सापडते आणि पणजी तिला सगळी हकीकत सांगते. तरीही रहस्य रंगत नाही. काय करावे?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : आपले कथाबीज अस्सल आहे. ज्या जिल्ह्यातल्या अपशिंगे या एका गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले, त्याच जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार, म्हणजेच पत्रीसरकार, उभे राहिले. तेव्हा एकाच घरातले असे दोन भाऊ सहज पटतात. मात्र दोस्त सैन्ये इटलीतल्या सिसिली बेटावर उतरली तीच जुलै १९४३ मध्ये आणि ‘इटली स्टार’ जाहीर झाले मे १९४५ मध्ये, त्यामुळे पदक दडवण्याचा प्रसंग बदलावाच लागेल.

माझ्या मते पदकाऐवजी मनीऑर्डरची कुपने, म्हणजे पैसे घेणाऱ्याकडे राहणाऱ्या चिठ्ठ्या, सापडू द्या. फौजेतल्या भावाच्या पगारावर भूमिगत भाऊ आणि त्याचे साथीदार जेवत होते, हे गुपित पदकापेक्षा कितीतरी खोल आहे, आणि ते का लपवावे लागले हे मुलांना समजावून सांगावे लागत नाही. सोबत एखादे पत्र असावे. सेन्सॉरमुळे जवानाला ठिकाण लिहिता येत नसे, म्हणून पणतीच्या हाती फक्त तारीख लागते. पाकिटावर ‘तालुका वाळवा, जिल्हा सातारा’ असा पत्ता वाचून ती गोंधळेल, कारण वाळवा आज सांगली जिल्ह्यात आहे. हा गोंधळ तिला जुन्या नकाशापर्यंत नेईल. पुढे कुपनांच्या तारखा पत्रीसरकारच्या क्रांतिकारकांनी ७ जून १९४३ रोजी केलेल्या शेणोलीच्या रेल्वे लुटीशेजारी ठेवल्यावर तिला पहिली शंका यावी.

पोलिसांच्या मारहाणीचे प्रसंग गाळू नयेत. ते थोडक्यात, पण स्पष्ट लिहावेत.

आपली खरी अडचण पणजीच्या लांबलचक निवेदनात आहे. पुरावे पणतीनेच जुळवावेत. पणजीकडे एकच गोष्ट राखून ठेवा : स्वातंत्र्यानंतर फौजेतल्या भावाला लोक ‘इंग्रजांचा चाकर’ म्हणत असताना, गावात मान मिळवलेला दुसरा भाऊ गप्प का राहिला? हे तिने पणतीने विचारल्यावरच सांगावे, आणि तेही अर्धेच.