आजीचं नाव पाकिटावर लिहिण्याआधी

प्रिय बाळा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. आजीच्या सातव्या दिवसाच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या तिच्यासाठीच्या उपासनेला, तू शेवटच्या बाकावर का बसली होतीस, ते आता कळलं. पुण्यात तुझ्या खोलीत राहणारी नगरची प्रोटेस्टंट मैत्रीण म्हणाली, गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करून काही होत नाही आणि मिस्साचे पैसे म्हणजे स्वर्गाचं तिकीट. तुला राग आला, पण उत्तर सुचलं नाही.

आधी माझं ऐक. लहानपणी आमच्या घरी जुनी प्रार्थनाकार्डं होती. मागे छापलेलं असायचं, ही प्रार्थना म्हटल्यास 300 दिवसांची सूट, म्हणजे पापाच्या शिक्षेतून दंडमाफी. मी आजोबांच्या नावाने वहीत बेरीज मांडायचो, खाली रेघ मारून उत्तर काढायचो. आजोबांचे किती दिवस कमी झाले ते मला तोंडपाठ! पुढे समजलं, ते दिवस शुद्धीस्थानातले, म्हणजे मेल्यावर स्वर्गात जाण्याआधी आत्मा शुद्ध होतो त्या अवस्थेतले, नव्हतेच. जुन्या काळी ख्रिस्तसभेत पापी माणसाला चारचौघांत प्रायश्चित्त करावं लागे. तेवढ्या दिवसांच्या प्रायश्चित्ताचं मोल, इतकाच त्याचा अर्थ. पोप सहावे पॉल यांनी 1967 साली हे दिवस मोजणंच बंद केलं. माझी वही तोवर भरली होती.

तेव्हा हिशेब सोड. शुद्धीस्थानात गेलेल्या माणसाचा निकाल लागलेला असतो, आणि तो स्वर्गाच्याच बाजूने. शेतातून आलेला माणूस चिखलाच्या पायांनी ओटीवर चढत नाही. कुणी अडवतं म्हणून नव्हे, त्याचं त्यालाच बरं वाटत नाही. जेनोवाची संत कॅथरीन हेच म्हणायची, की आत्मा आपणहून त्या शुद्धीत उडी घेतो. आणि आग? पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी 2007 च्या परिपत्रकात काही धर्मपंडितांचं मत मांडलंय, की ती आग म्हणजे खुद्द ख्रिस्तच. त्याच्या नजरेला नजर भिडली की आपलं खोटं सगळं जळून जातं. मला हे कढईतल्या आत्म्यांच्या चित्रांपेक्षा जास्त भीतिदायक वाटतं, खरं सांगू तर.

मैत्रिणीशी भांडू नकोस. तिच्या बायबलमध्ये मक्काबींचा दुसरा ग्रंथ नाही, आपल्या कॅथलिक बायबलमध्ये आहे. त्याच्या बाराव्या अध्यायात यहूदा मक्काबी लढाईत पडलेले आपले सैनिक उचलायला जातो, तर त्यांच्या अंगरख्याखाली मूर्तींचे ताईत सापडतात. तो त्यांना टाकून देत नाही. वर्गणी काढून चांदीचे 2000 द्राख्मा यरुशलेमला पापार्पणासाठी पाठवतो. ती विचारेल, क्रुसावरच्या चोराला येशूने ‘आज’च सुखलोकात नेलं ना? नेलं. प्रत्येकाला थांबावंच लागतं असं आपली ख्रिस्तसभाही म्हणत नाही. पैशांचा तिचा मुद्दा तर मान्यच कर. 1517 साली जर्मनीत धर्मसुधारक मार्टिन लूथर उठला तो दंडमाफीच्या विक्रीवरूनच, आणि 1563 मध्ये कॅथलिकांच्या ट्रेंटच्या महासभेने शुद्धीस्थानाची शिकवण कायम ठेवतानाच बिशपांना बजावलं, की यात पैशाच्या हावेचा वास येईल ते सगळं बंद करा. मिस्साचं दान ऐपत नसेल तर देऊ नये. मिस्सा तरीही होते.

पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक तर आगीची ही शिकवण मानत नाहीत, तरी चाळिसाव्या दिवशी उकडलेले गहू गोड करून देवळात आणतात आणि मृतांसाठी प्रार्थना करतात. प्रार्थना आधीची आहे, सिद्धान्त मागून आला. 387 साली ओस्तिया बंदरात संत मोनिका मरणाला टेकली, तेव्हा मुलांना म्हणाली, देह कुठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. तिचा मुलगा ऑगस्टीन केवढा विद्वान, पण आईसाठी प्रार्थना करताना तो अगदी साधं बोलतो.

शेजारच्या काकू विचारतील, हे तुमचं श्राद्धच ना? हो म्हणून मोकळी होऊ नकोस आणि तावातावाने नाहीही म्हणू नकोस. दुःख तेच आहे, हिशेब वेगळा. चहा दे त्यांना.

2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, ये. दुपारीच ये, संध्याकाळी फादर कबरींवर पाणी शिंपडत येतात तेव्हा दफनभूमीत पाय ठेवायला जागा नसते. आजीच्या क्रुसाला चुना लावून ठेवलाय. मेणबत्ती मातीत सरळ खोचू नकोस, वाऱ्याने पडते. आधी मेणाचे दोन थेंब पाड, मग त्यावर टेकव. झेंडू मी आणीन.

मिस्सात प्रार्थना व्हावी म्हणून द्यायचं मृतांच्या नावांचं पाकीट तुमच्या घरी दरवर्षी आजी लिहायची. तिच्या धाकट्या जावेचं नाव तिने त्यात कधी घातलं नाही. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, पाण्यावरून भांडण झालं होतं, तुझ्या जन्माच्याही आधी. जाऊ गेली तरी बोलणं सुरू झालं नाही. आजीला आता तिकडे काय धुवायचं असेल, तर मला वाटतं तेच. यंदा पाकीट तू लिही. पहिलं नाव आजीचं घाल, आणि त्याच्या खाली लगेच त्या जावेचं.

तुझा,
धर्मशिक्षणाचा मास्तर