काळा गाऊन आणि कोकणकड्यावरचे धुके

तुमच्या प्रश्नात खरे तर तीन प्रश्न आहेत. पुण्यात पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना वर्गातील बारा जणांनी गाऊन घालून छायाचित्रे काढून मागितली आहेत आणि चाचणीदाखल काढलेल्या छायाचित्रांत चेहरे पांढरेफटक येत आहेत, हा पहिला. त्याच मित्रमंडळींबरोबर ऑगस्टमध्ये हरिश्चंद्रगडावर जायचे आहे, त्यासाठी या कामाच्या पैशांतून मोठी झूम लेन्स घ्यावी का, हा दुसरा. आणि पदवीची छायाचित्रे हे किरकोळ काम असून खरे छायाचित्रण प्रवासातच होते का, हा तिसरा. मी गेली अठरा वर्षे ही दोन्ही कामे करतो आहे. माझ्या मते ती वेगळी नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चेहऱ्यांचे आधी पाहू. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे धरूनच कॅमेऱ्याचे मीटर प्रकाश मोजते. चौकटीचा निम्म्याहून अधिक भाग काळ्या गाऊनने व्यापला की मीटरला वाटते, येथे उजेड कमी आहे. मग ते एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा प्रकाश, वाढवते, काळा गाऊन करडा दिसू लागतो आणि चेहऱ्यावरचा तपशील उडून जातो. यावर उपाय सोपा आहे. मीटरिंग स्पॉटवर, म्हणजे चौकटीतील एका लहानशा ठिपक्यापुरताच प्रकाश मोजण्यावर, ठेवा, गालावर मोजा, आणि ते आकडे मॅन्युअलमध्ये, म्हणजे कॅमेरा स्वतःहून काही बदलणार नाही अशा पद्धतीत, कायम करून टाका. आपल्याकडची गव्हाळ किंवा सावळी त्वचा मध्यम करड्याच्या बरीच जवळ असते, त्यामुळे गालावर मोजलेल्या आकड्यात फारसा फेरफार करावा लागत नाही. वर्ण अधिक गडद असेल तर किंचित कमी आणि उजळ असेल तर किंचित जास्त, इतकेच. छायाचित्रे रॉमध्ये, म्हणजे सेन्सरवरची सगळी माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये, काढा, म्हणजे गाऊनच्या काळ्यात बुडालेल्या चुण्या नंतर सावकाश उजळून वर आणता येतात.

याच संदर्भात एक गोष्ट कळकळीने सांगतो. बारा जणांपैकी दोघे-तिघे तरी "जरा गोरा करून दे" असे म्हणतील. करू नका. न रागावता, पण ठामपणे नाही म्हणा, आणि नीट प्रकाशात काढलेले त्यांचेच छायाचित्र त्यांना मोठ्या पडद्यावर दाखवा. सावळ्या त्वचेवर बाजूने मऊ प्रकाश पडला की गालाच्या हाडावर जी चमक येते, ती रंग उजळला की पहिल्यांदा नाहीशी होते. हे छायाचित्र त्यांच्या घरातील भिंतीवर पुढची तीस-चाळीस वर्षे राहणार आहे. त्यात ते स्वतःसारखे दिसले पाहिजेत.

प्रकाशाबद्दल थोडेच. ती चौकोनी टोपी दुपारच्या उन्हात डोळ्यांवर थेट सावली टाकते, म्हणून सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर काम करा. दुपारीच करावे लागले तर व्हरांड्याच्या तोंडाशी, सावलीत पण उजेडाकडे चेहरा करून उभे करा आणि छातीच्या खाली थर्माकोलचा पांढरा तुकडा धरायला कोणाला तरी सांगा. विद्यापीठाच्या आवारातील वडाखाली उभे करण्याचा मोह होतो, पण पानांतून गाळून आलेला प्रकाश चेहऱ्यावर हिरवट छटा आणि ठिपके टाकतो. तुमची ५० मिमीची लेन्स क्रॉप सेन्सरवर, म्हणजे पूर्ण आकारापेक्षा लहान सेन्सरवर, साधारण ७५ मिमीसारखे काम करते, आणि व्यक्तिचित्रासाठी ती अगदी योग्य आहे. भाड्याचे गाऊन चुरगळलेले असतात, तेव्हा इस्त्री करून आणायला आठवणीने सांगा.

आता किरकोळ कामाचा मुद्दा. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांचे नाव तुम्ही ऐकले असेलच. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आपण त्यांना ओळखतो आणि स्वातंत्र्याच्या काळातील दिल्लीची त्यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली असतात. परंतु त्यांची सुरुवात मुंबईत झाली. १९३०च्या दशकात जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना त्या वर्गातल्या मैत्रिणींची आणि सहलींची छायाचित्रे काढत. रेहाना मोगल या वर्गमैत्रिणीची त्यांनी काढलेली व्यक्तिचित्रे आज पाहिली, तर त्या काळची शिकणारी, मोकळेपणाने वावरणारी तरुण मुलगी कशी दिसे, कशी बसे, हे दुसऱ्या कोणत्याही कागदावरून कळणार नाही इतके स्पष्ट कळते. मैत्रिणी आणि सहली, म्हणजे नेमके तुमच्यापुढे आज जे आहे तेच. त्याला किरकोळ म्हणू नका.

म्हणूनच सुचवतो की बाराही जणांना एकाच कमानीखाली एकाच पोझमध्ये उभे करू नका. ते एक छायाचित्र घरच्यांसाठी काढा, दहा मिनिटांत आटपा, आणि उरलेला तासभर त्या व्यक्तीची तीन वर्षे जेथे गेली तेथे घालवा. कोणाची प्रयोगशाळेतील बाकाजवळ गेली असतील, कोणाची कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर, कोणाची वसतिगृहाच्या गच्चीवर दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांमध्ये. प्रत्येकाला आदल्या दिवशी विचारा : "कॉलेज सुटल्यावर कोणती जागा आठवेल?" उत्तरे ऐकून तुम्हालाच नवल वाटेल. मात्र प्रयोगशाळा असो की ग्रंथालय, परवानगी आधी घ्या.

येथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगणे मला भाग आहे. विद्यार्थी असताना मी सात जणांची पदवीची छायाचित्रे काढली आणि दुसऱ्याच पहाटे ट्रेकला निघालो. कार्डावरील फाइल उतरवून घ्यायच्या राहिल्या होत्या. गडावर जागा संपली, आणि जुन्या सहलीचे कार्ड समजून मी तेच कार्ड फॉरमॅट केले. वर दिवसभर त्यावर नवी छायाचित्रे काढली, त्यामुळे जुने काहीही परत मिळाले नाही. त्या सातांमध्ये एका मुलीचे वडील गावाहून एका दिवसाची रजा काढून आले होते. धोतर, पांढरी टोपी, आणि पदवीची गुंडाळी त्यांनी प्रसाद घ्यावा तशी दोन्ही हातांच्या ओंजळीत धरली होती. गाऊन पुन्हा भाड्याने आणता आला, मुलगी पुन्हा उभी राहिली, पण वडील पुन्हा येऊ शकले नाहीत. त्या दिवसापासून दोन ठिकाणी प्रत झाल्याशिवाय मी कार्डाला हात लावत नाही, आणि भरलेली कार्डे उलटी ठेवतो. तुम्हीही बाराही जणांची छायाचित्रे पोहोचती करूनच ट्रेकला निघा.

आता हरिश्चंद्रगड. झूम लेन्स घेऊ नका. ऑगस्टमध्ये त्या डोंगरावर लांबचे काही दिसेल याची खात्री नसते. तेथे तुमची १८–५५ची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स, आणि ५० मिमी पुरेल. ते पैसे हवाबंद डब्यावर, सिलिका जेलवर आणि एका जादा बॅटरीवर खर्च करा. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ओलावा शोषून भरले, असे समजा. भिजलेला कॅमेरा घरी आल्यावर तसाच बॅगेत राहिला तर लेन्सच्या आत बुरशी धरते आणि ती काढणे महागात पडते.

पायथ्याच्या पाचनई गावाकडून चढलात तर वाट सोपी आणि जवळची आहे. खिरेश्वर गावाहून तोलार खिंडीची वाट लांब पडते. वर गेल्यावर बहुधा धुकेच असेल, आणि तेथे गाऊनचाच धडा उलटा होतो. सगळे पांढरे पाहून मीटर ते करडे करायला जाते, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशोबापेक्षा प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय, अधिक १च्या आसपास न्या, नाहीतर धुके मळकट दिसेल. चेहऱ्यांसाठी मात्र यासारखा प्रकाश नाही, कारण धुक्यात तो सगळीकडून सारखा येतो. गडावरील केदारेश्वराच्या गुहेत पाण्यातील शिवलिंगाभोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. तेथे उजेड अगदी कमी असतो, तेव्हा आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवा, फ्लॅश वापरू नका, आणि दर्शनाला आलेल्या लोकांना आधी जागा द्या.

गडाचा कोकणकडा हा उभा कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्यामुळे सकाळी सूर्य पाठीमागे आणि खाली दरीत धुके असा योग जुळला, तर धुक्यावर पडलेल्या आपल्याच सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य दिसते. हेच इंद्रवज्र. प्रत्येकाला त्याच्या मध्यभागी स्वतःचीच सावली दिसते. ते दिसले नाही म्हणून हळहळू नका आणि दिसले म्हणून कड्याकडे धावू नका. पावसाळ्यात तेथील कातळ निसरडा असतो आणि वाऱ्याचा झोत कधी येईल सांगता येत नाही. कडेला जायचेच असेल तर पोटावर झोपून, आणि मागे एकाने पाय धरलेले असताना. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून एक पाऊलही टाकायचे नाही.

गडावर किंवा पायथ्याला ज्या घरी पिठले-भाकरी खाल, त्या घरच्या मावशींना विचारून त्यांचे छायाचित्र काढा. चुलीच्या धुरात, दारातून येणाऱ्या उजेडात भाकरी थापणारे हात तुमच्या ५० मिमीला फार छान मिळतील. मैत्रिणीच्या चेहऱ्यासाठी जितकी काळजी घ्याल तितकीच येथेही घ्या, पत्ता लिहून आणा आणि पुण्यात आल्यावर मॅक्सी आकाराचे, म्हणजे ४×६ इंची दोन प्रिंट टपालाने पाठवा. शहरातून येणारे पुष्कळ जण छायाचित्र काढून नेतात. ते परत पाठवणारे थोडे.

पहिल्या दोन जणांचे काम झाले की गालावर मोजलेली एक आणि मीटरवर सोडून दिलेली एक, अशा दोन रॉ फाइल येथे टाका. गाऊनचे काळे किती वर आणायचे, ते प्रत्यक्ष पाहूनच सांगता येईल.